दोन तुकड्यांचं केळं

जळगाव

प्रिय अक्का,

तुला वाकून नमस्कार आणि धुळ्याच्या सगळ्या मंडळींना आशीर्वाद. तुझे गुडघे काय म्हणतात? माझ्या साखरेचं मला विचारू नकोस, ती सध्या सूनबाई चारुलता सांभाळते. (मला न विचारता.)

डॉक्टरांनी मला दिवसाला अर्धंच केळं सांगितलंय. सासर रावेरचं, दिरांच्या बागेतून घडच्या घड घरी येतात, आणि मी अर्धं खायचं. उरलेलं अर्धं नात गिरिजाचं. गेल्या वर्षी चारुलताने मोबाइलवर वाचलं की मुलांची समज टप्प्याटप्प्याने वाढते. लगेच तिने बसक्या वाटीतलं दूध गिरिजासमोर उंच पेल्यात ओतलं आणि विचारलं, आता जास्त झालं का? पोर म्हणाली, हो. "आई, तिला टोकू नका हं, हा टप्पाच असतो," असं वर मला बजावलं. मी कशाला टोकते? त्या दिवसापासून मी केळ्याचं छोटंसं टोक मोडून, त्या टोकाचेच दोन तुकडे करून गिरिजाला देऊ लागले. तिचे दोन, माझा एक. ती खूश, मी खूश. (मिशनच्या शाळेत सिस्टरांनी डबा वाटून खायला शिकवलं होतं, तेच मी करत होते.)

परवा ती आपले दोन तुकडे माझ्या तुकड्याशेजारी जोडून बघत बसली. मग म्हणाली, "आजी, तुझा एकच आहे, पण लांब आहे. तू मला रोज फसवतेस का गं?" चारुलता तिथेच उभी. भांडी घासता घासता शेवंताबाई म्हणाली, "माय, पोरले आते बठ्ठं समजस." सगळं समजतं म्हणजे काय, आता गिरिजाच सुरी मागते आणि बरोब्बर मधोमध कापते. टप्पा गाठायचाच होता, तर निदान हा घड संपल्यावर गाठायचा.

वैताग केळ्याचा नाही गं. पूर्वी ही पडद्यामागे लपायची, पाय बाहेर, डोळे गच्च मिटलेले. तिला मी दिसत नाही म्हणजे मलाही ती दिसत नाही, असा तिचा हिशेब. मी घरभर हाका मारत फिरायचे. काल ती अशी लपली की मला खरंच सापडेना. दमून पलंगावर बसले. शेवटी तीच आली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "आजी, पुढच्या वेळी मी पाय बाहेर ठेवीन हं."

तुझी,
सुमन

ता. क. तुझ्या जितेंद्रचा धाकटा आता चारचा झाला ना? त्याला दिवाळीच्या सुटीत इकडे पाठव. केळी भरपूर आहेत.

आणखी एक. त्याला दोनपर्यंत मोजता आलं की पुरे. पुढचं काही शिकवत बसू नकोस.