माझ्या नावानं बोलणारी बाई

आप्पा, आज मी भरदुपारी आतून कडी लावून बसले आहे. समोरच्या अंगणात मिरच्या वाळत घातल्यात, गल्लीत बायकांचं बोलणं चाललंय, मघाशीच परभणीकडं जाणारी पॅसेंजर गेली. भ्यावं असं काहीच नाही. तरी फाटकापाशी एखाद्या मोटरसायकलचा आवाज जरा मंदावला की माझा हात कामावर थांबतो आणि गाडी पुढं गेल्याशिवाय पुन्हा हलत नाही. तुमचे जावई म्हणतात, आता झालं गेलं, सोडून दे. त्यांना मी मान हलवून हो म्हणते. पण तुमच्यापुढं हो म्हणून भागणार नाही. तुम्ही माझ्या तोंडाकडं न बघताही ओळखायचात.

तुम्ही गेलात तेव्हा तुमचे रेडिओ कुणी फुकटसुद्धा नेत नव्हतं. आईनं अर्धे भंगारवाल्याला दिले, उरलेले मी पोत्यात बांधून पिंगळीला आणले आणि माळ्यावर टाकले. पोरगी लग्न होऊन गेली, घर रिकामं झालं, तेव्हा एका उन्हाळ्यात मी ते पोतं खाली काढलं. तुम्ही शिकवलेलं हाताला आठवत होतं. पहिला रेडिओ खरखरला तेव्हा मी एकटीच स्वयंपाकघरात बसून रडले होते. मग पोरीनं सांगितलं की अशा जुन्या लाकडी रेडिओंना आता मोठ्या गावचे लोक शोधत असतात, आणि फोनवर त्यांची हर्राशी लागते. वस्तूचा फोटो टाकायचा, कमीत कमी किंमत सांगायची, मग आठवडाभर लोक आपापल्या घरी बसून बोली चढवतात. ज्याची शेवटची बोली जास्त, त्याला वस्तू पार्सलनं धाडायची. मला हसू आलं होतं. माणूस नाही, आवाज नाही, हातात घेऊन बघणं नाही, आणि तिला म्हणायचं हर्राशी.

तुम्हाला आठवतं का, परभणीत एका बंद पडलेल्या दुकानाच्या सामानाची हर्राशी होती आणि तुम्ही मला बरोबर नेलं होतं? एका मोठ्या रेडिओवर तुमचा जीव बसला होता. तुम्ही बोललात की मागून एक टोपीवाला लगेच वर बोलायचा. तिसऱ्यांदा तसं झालं आणि तुम्ही माझा हात धरून बाहेर आलात. मी रुसले होते. चहाच्या गाड्यावर तुम्ही म्हणालात, "तो घेणारा न्हाई बाळा, तो चढवणारा हाय. मालकाचाच मानूस हाय तो. त्याचे डोळे रेडिओवर नव्हते, माझ्यावर होते." इथं, फोनवर, डोळेच दिसत नाहीत आप्पा. चढवणारे इथंही आहेत. मी एकदा बोली लावून बघितली तर ओळखू आले, पण वस्तू हातची जाऊन तीच पुन्हा हर्राशीला लागल्यावर. मग विकायला लागले तेव्हा दुसरी तऱ्हा कळली. एकानं रेडिओ घेतला, आतले चांगले काचेचे व्हॉल्व्ह काढून फुटके बसवले आणि ‘चालत नाही’ म्हणून परत धाडला. दुसऱ्यानं पैसे धाडतो म्हणून एक लिंक पाठवली, ती दाबली असती तर माझेच पैसे गेले असते. पोरीनं फोनवरून ओरडून थांबवलं. मी शिकत गेले. आतल्या व्हॉल्व्हवर नेलपॉलिशचा खुणेचा ठिपका द्यायचा, पार्सल बांधताना व्हिडिओ काढायचा. वाटायला लागलं होतं की आता मला सगळे डाव कळले.

स्वयंपाकघरातला तो दिवस मला सारखा आठवतो. घरात एकच बरं सॉकेट, तेही चुलीच्या बाजूच्या भिंतीत, म्हणून तुम्ही दुकानातले अडलेले रेडिओ रात्रीचे घरी आणायचात आणि सकाळी आई भाकरी थापत असायची तिथंच ते लावून बघायचात. पिठाचा आणि डाग देताना वितळलेल्या राळेचा वास एकत्र यायचा. तुम्ही पूजा करून, कपाळाला भस्म लावून येता, तर मी आधीच चालू रेडिओच्या मागं बोट घालत असते. तुम्ही हातावर असा फटका मारता की बांगडी फुटते. आई तव्यावरची भाकरी तशीच सोडून उठते. "पोरीला मारायलाव व्हय!" तुम्ही मलाच म्हणता, "तुला भ्या कसं वाटत न्हाई? भ्या वाटलं पायजे. भ्या वाटतंय म्हून मी इतकी वर्षं जित्ता हाय." संध्याकाळी तुम्ही माझ्यासाठी पिवळ्या मुठीचा टेस्टर घेऊन आलात. मैत्रिणींना बाहुल्या मिळायच्या, मला टेस्टर मिळाला, आणि मी तो उशाखाली घेऊन झोपले.

हे सगळं मी त्या हर्राशीच्या पानावर लिहिलं होतं. पोरगीच म्हणाली, लोकांना गोष्ट आवडते, आजोबांबद्दल लिही. म्हणून रेडिओच्या फोटोखाली लिहिलं की माझे आप्पा परभणीत स्टेशन रोडला रेडिओ दुरुस्त करायचे, मी त्यांच्या हाताखाली शिकले, हे त्यांच्याच दुकानातले रेडिओ. लोकांनी छान छान लिहिलं. मला तुमचा मान झाल्यासारखं वाटलं.

मागच्या थंडीतली गोष्ट. तुमचे जावई पूर्णेला ड्युटीवर होते. मी डाळ शिजायला टाकली होती आणि फाटक कुणीतरी जोरात हलवलं. बाहेर तिशीतला एक माणूस, हेल्मेट हातात, तोंड धुळीनं भरलेलं. मी फाटक उघडलं नाही, आतूनच विचारलं कोण पाहिजे.

"तुमीच पाहिजे," तो म्हणाला. "माझा रेडिओ कुठाय?"

मी म्हणाले, मी तुम्हाला ओळखत नाही.

"पैसे घेताना ओळखत होत्या की! वसमतहून आलोय मी. बोली जिंकलो, पैसे टाकले, अन् खोक्यात काय निघालं? विटा! कागदात गुंडाळलेल्या विटा!"

त्यानं फोन गजातून माझ्यासमोर धरला. आप्पा, त्यात माझं नाव होतं. माझ्या घरचा पत्ता होता. माझ्याच टेबलाचा फोटो, माझ्याच पडद्याचा फोटो, आणि मधोमध तो हिरव्या डोळ्याचा, स्टेशन नीट लागलं की पुढचा काचेचा दिवा हिरवा होणारा मोठा रेडिओ, जो त्या क्षणी माझ्या मागच्या खोलीत ठेवलेला होता. खाली तुमची गोष्ट, शब्दाला शब्द. फक्त फोन नंबर माझा नव्हता. माझे फोटो उचलून कुणीतरी माझ्या नावानं दुसरं दुकान मांडलं होतं. पत्ता बहुतेक माझ्याच एखाद्या पार्सलवरून घेतला असेल.

गल्लीतल्या बाया बाहेर आल्या. तो आणखी मोठ्यानं बोलायला लागला. "मी एकटा न्हाई. अजून लोक फसलेत. आज मी आलोय, उद्या ते येतील." मला वाटलं याला खरं दाखवलं म्हणजे पटेल, म्हणून मी फाटक उघडलं, दोन बायांना बरोबर घेतलं आणि त्याला मागच्या खोलीत नेऊन तो रेडिओ दाखवला. म्हणाले, बघा, मी तो विकलेलाच नाही, माझ्या पानावर त्याची हर्राशी अजून चालू आहे.

तो रेडिओकडं बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "म्हंजे वस्तू इथंच हाय. मग मला कामून दिली न्हाई?"

त्याच्या त्या हळू आवाजाची मला ओरडण्यापेक्षा जास्त भीती वाटली. जो पुरावा माझ्या बाजूनं आहे असं मला वाटत होतं तो माझ्यावरच उलटला होता. शेजारची, जिच्याकडून मी रोज दूध घेते ती, माझ्याकडं नव्यानं बघत होती. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

मग मला एकच सुचलं. त्याच्या फोनवरचा तो नंबर मी माझ्या फोनवरून लावला. त्याचा स्वतःचा नंबर त्या ठगांनी कधीच ब्लॉक करून टाकला होता. मी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. एका बाईनं उचलला. शांत, गोड आवाज, वयानं माझ्याएवढाच.

मी विचारलं, "रेडिओ शिल्लक हाय का?"

"हाय ना ताई. हिरव्या डोळ्याचा. एकच उरलाय."

"तुमी कोण बोलायलाव?"

तिनं माझं नाव सांगितलं. पुढं म्हणाली, "परभणीजवळ पिंगळीला ऱ्हाते मी. आमचे आप्पा रेडिओ दुरुस्त करायचे बघा. त्यांच्या हातचा हाय. मला द्यायची इच्छा न्हाई, पण काय करता, ठेवायला जागा न्हाई." आणि इथं ती जरा थांबली, गळा भरून आल्यासारखी. "आप्पांची लय आठवण येते."

मी फोन बंद केला. आत डाळ लागल्याचा वास यायला लागला होता, कुणीतरी जाऊन शेगडी बंद केली. तो माणूस खाली जमिनीवर बसला, डोक्याला हात लावून. तसाच म्हणाला, "मावशी, पाणी द्या." पाणी दिलं. मग त्यानं सांगितलं की त्याच्या वडिलांना अर्धांगवायू झालाय, दिवसभर पडून असतात, आणि त्यांच्या तरुणपणी घरात असाच रेडिओ होता. म्हणून घेतला होता. मी ऐकत होते, पण खरं सांगू, माझ्या कानात ती बाईच बोलत होती. चोर पैसे नेतात, वस्तू नेतात, हे मला कळतं. पण तिला तुमची आठवण येत होती आप्पा. माझ्याइतकी. माझ्यापेक्षाही बरी येत होती, कारण मला अशा वेळी बोलताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी, तुमचे जावई, तो आणि मी, परभणीला जाऊन सायबरच्या पोलिसांकडं तक्रार दिली. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण प्रश्न तर विचारावेच लागतात. हे फोटो तुमचेच कशावरून? ते दुसरं पान तुम्हीच चालवत नाही कशावरून? तो वसमतचा माणूस मध्येच म्हणाला, "मी सोता ऐकलंय म्याडम, ती बाई दुसरी हाय." तेव्हा मला त्याचा आधार वाटला. त्यानंच विटा निघाल्याबरोबर बँकेलाही कळवलं होतं, म्हणून काही रक्कम पुढच्या खात्यात थांबवलेली सापडली. सगळी नाही. हर्राशीवाल्यांना आम्ही लिहीत राहिलो, तेव्हा कुठं ते खोटं पान गेलं. मग नव्या नावानं आलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा गेलं.

त्याच दिवसांत एक फोन आला. तीच ती. आवाज तितकाच गोड. "ताई, तक्रार कशाला केली? तुमचं घर आमाला माहीत हाय. फाटक निळं हाय ना?" मी फोन ठेवला. पोलिसांना कळवलं, त्यांनी तेही लिहून घेतलं. संध्याकाळी तुमचे जावई रंगाचा डबा घेऊन आले आणि फाटक तपकिरी केलं. रंगवताना ते सारखे गल्लीच्या तोंडाकडं बघत होते.

पुढं कुणी आलं नाही. तो म्हणाला होता ते बाकीचे लोकही आले नाहीत. एकाचा फक्त फोन आला, त्याला मी पोलीस ठाण्याचं सांगितलं. विकणं मी बंद केलं नाही. आता फोटो काढताना माझा हात आणि त्या दिवशीचा पेपर त्यात धरते, घरचा पत्ता पार्सलवर घालत नाही. आणि तुमची गोष्ट पानावरून काढून टाकली. काढताना बोट बराच वेळ तसंच राहिलं. आता तिथं फक्त लिहिलंय, जुना रेडिओ, चालू स्थितीत.

परवा तो वसमतचा माणूस पुन्हा आला. आधी फोन करून आला. बायको, आणि पाठीमागं उशी लावून रिक्षात बसवलेले वडील. त्या हिरव्या डोळ्याच्या रेडिओची हर्राशी मी मोडून टाकली होती आणि त्याला सांगितलं होतं की तू ये, घेऊन जा. म्हाताऱ्यांना खाली उतरता येईना, म्हणून आम्ही रेडिओ ओसरीत लावला आणि रिक्षा जवळ आणली. डोळा हिरवा झाला, गाणं लागलं. त्यांचा एक हात हलत नाही, दुसऱ्या हातानं ते मांडीवर ठेका धरायला लागले. सून पदरानं डोळे टिपत होती. तो मला म्हणाला, "मावशी, त्या दिवशी लय बोललो, मनात ठेवू नका." मी म्हणाले, "मनात काय ठेवायचं रे." चहा केला, चिवडा दिला. जाताना सून माझ्या पाया पडली.

हे तुम्हाला कळवावं असं वाटलं म्हणून लिहायला बसले. चांगलं झालं तेवढं लिहून थांबणार होते. पण अजून एक आहे, आणि ते तुमच्या जावयांनाही माहीत नाही. रिक्षा निघाली तेव्हा मी फाटकात उभी राहून एका हातानं निरोप देत होते. म्हातारे मागं वळून बघत होते, हसत होते. दुसऱ्या हातात, पदराआड, माझा फोन होता, आणि मी त्या रिक्षाच्या नंबरचा फोटो काढत होते.