सुलटा माणूस

३ मे १९९४, डाळज
आले एकदाची! भिगवणहून जीपनं, लेव्हलची, म्हणजे जमिनीची उंची मोजायच्या यंत्राची, पेटी मांडीवर धरून. रंगुबाईंच्या घरात मागची खोली मिळाली. खिडकीतून उजनीचं पाणी दिसतं आणि त्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळाची जमीन मोजायची, हा माझा पीएच.डी.चा विषय. विद्यापीठात भूगोलात पहिली आले तेव्हा आईनं अख्ख्या कोऱ्हाळ्यात पेढे वाटले होते. आमच्या विभागाच्या भिंतीवर नाव काढलेल्या विद्यार्थ्यांचे फोटो आहेत. कुणी हवामान खात्यात, कुणी नगररचनेत. शेवटचा बुद्धघोषचा. त्यानंच हे काम सुरू केलं होतं. मध्येच डेहराडूनला मोठी नोकरी लागली म्हणून सोडून गेला, असं माझे मार्गदर्शक सर सांगतात. पुढचा फोटो माझा, मेघनाचा!

५ मे
गाव माझ्यावर खार खाऊन आहे. हॉटेलात चहा मागितला तर मालकानं स्टोव्हच विझवला. काल ठोकलेल्या खुंट्या कुणीतरी उपटून फेकल्या. मोजणीची उभी पट्टी धरायला इथलं कुणी येईना, म्हणून सणसरच्या जोतीरामला आणलाय. रंगुबाईही भाकरी उंबऱ्यावर ठेवून वळतात. कारण विचारलं तर म्हणाल्या, "बाई, तुमी हितनं जावा. आमाला मोजणारं माणूस नगं."

७ मे
आमची लेव्हल जुनी, तिच्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसतं. पाणी वर, आभाळ खाली, जोतीराम डोक्यावर उभा. सवय होते. आज सकाळी त्याच्या मागे, लांब पाण्यात, आणखी एक माणूस दिसला. तो मात्र सुलटा. पाय खाली, धड वर. डोकं वरच्या पाण्यात बुडालेलं. दुर्बिणीवरून डोळा काढून पाहिलं, तर नुसतं पाणी. भिंग पुसलं. तो होताच. ऊन फार आहे, त्याचंच असेल.

९ मे
तो जवळ आलाय. आज खांदे दिसले, मग हनुवटी. जोतीरामला काही दिसत नाही. खोलीच्या दारावर कुणीतरी शेण फासलंय. मी जाणार नाही.

११ मे
चेहरा दिसला. फोटोतलाच. बुद्धघोष.
रंगुबाईंना गाठलं. आधी शिव्या दिल्या, मग खाली बसल्या. "कुठली नोकरी अन् कुठलं काय! त्यो हितंच हाय. वरनं वाळल्याला दिसला गाळ, आत चिखल. डोक्यावर पडला. पाय तेवढं वर हुतं. आमची माणसं वढाय गेली, तर पायबी गेलं. अन् आमीच मारला म्हणून पोलिसांनी आमालाच झोडपलं."
भिगवणहून सरांना फोन केला. आधी तीच डेहराडूनची नोकरी सांगितली. मग भडकले. विभागाची बदनामी करतेस का, म्हणाले. नोंदणी रद्द करीन, यंत्र परत आणल्याशिवाय तोंड दाखवू नकोस.

१२ मे
जोतीरामनं आज दुर्बिणीला डोळा लावला. पट्टी टाकून पळाला. मीही पळाले. लेव्हल काठावरच राहिली. रंगुबाई म्हणतात, मरू दे ते यंत्र — पण ते विभागाचं, मी कुठून भरून देऊ —

१३ मे, भर दुपार, काठावर
यंत्र न्यायला परत आले, पेटीत ठेवलं. उचलायला वाकले आणि पायाखालच्या गाळाचं वाळलेलं कवच फुटलं. गुडघ्यांपर्यंत आत. हलले की आणखी —
सडकेवर माणसं जमलीत. रंगुबाई हाका मारताहेत, दोर आणा म्हणून ओरडताहेत. कुणी हलत नाही. ही वही त्यांच्याकडे फेकणार आहे. सरांना देऊ नका. आईला —
मांडीपर्यंत.
दुर्बीण लागत नाही आता. उघड्या डोळ्यांनी दिसतोय. पाय आभाळात. तळहात गाळात रोवत येतोय, एक, मग दुसरा — चेहरा जमिनीलगत — डोळे माझ्यावर —
रंगुबाई, दोर —
तो थांबला. एक हात गाळात खुपसला. कोपरापर्यंत. खांद्यापर्यंत. काहीतरी चाचपतोय —
माझ्या घोट्याला