आजोबांची पदकं

प्रिय विल्फमामा,

आजोबांचे लष्करातले कागद मिळाले. कडा जळाल्यात, पण अक्षर स्वच्छ आहे.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत नव्हतेच. इंग्लंडबाहेर त्यांनी पाऊलही टाकलं नाही. छावणीत एका नवख्या शिपायाला त्यांनी पट्ट्याच्या बक्कलानं इतकं मारलं, की त्याचा डोळा फुटला. मग तुरुंग आणि हकालपट्टी. पदकांच्या कडेवरचं नाव झिजलेलं नाही, कानशीनं घासून काढलंय. ती दुसऱ्याच कुणाची आहेत.

तसल्याच बक्कलानं तुमचा कान गेला, आईचे दोन दात पडले. पलंगाखाली दडून तुम्ही तिला समजवायचात, "बाबा नाही गं, लढाई मारतेय." त्या एका वाक्यावर तुम्ही त्यांना जन्मभर माफ केलंत.

काल फोनवर विचारलंत, "काय गं डोरीन, सापडला का म्हातारा? रविवारी त्याची पदकं लावून स्मारकाला जायचंय."

"नाही मामा. कागद दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात जळाले."

"मोठ्यानं बोल पोरी, हा कान सोमला गेलाय!" म्हणत तुम्ही हसलात.

मग मी ओरडून सांगितलं, "सगळे जळाले, मामा!"

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. रविवारी पदकं मीच टाचून देईन. उजव्या बाजूला, वारसानं लावतात तशी.

तुमची भाची,
डोरीन