पूर्व उपनगर ऋणदाता मेळावा

६ जानेवारी, सोमवार. सकाळी साडेसात
व्हीआरएस घेऊन चार महिने झाले. या काळात आलेले फोन: कुरिअरवाला, क्रेडिट कार्डवाली आणि एक राँग नंबर. राँग नंबरशी मात्र छान बोलणं झालं. नाशिकचा होता, गुडघेदुखी त्यालाही आहे.

आजपासून हे बदलणार. मानसीने, म्हणजे आमच्या मुलीने, वाढदिवसाला एका साइटवर माझं खातं उघडून त्यात पाचशे रुपये टाकले होते. गरजूंना छोटी कर्जं द्यायची साइट आहे. फोटो बघायचा, माहिती वाचायची, पैसे लावायचे, हप्त्याहप्त्याने परत येतात. मी गोवंडीची राधा निवडली. शिवणकाम करते, चेहऱ्यावर जिद्द आहे. पाचशेच्या पाचशे तिला दिले. म्हणजे मी आता मायक्रोफायनान्समध्ये आहे.

रत्नप्रभाला बोललो नाही. बायको म्हणून ती उत्तम आहे, पण शिवणकामवालीला पैसे दिले म्हटल्यावर माझे ब्लाउज कधी मिळणार, एवढंच विचारेल.

९ जानेवारी
नुसतं कर्ज देऊन भागत नाही. साइटवर वरच लिहिलंय, सह-ऋणदात्यांशी आणि भागीदार संस्थांशी नातं जोडा. वाचून बरं वाटलं. एकतीस वर्षं डिस्पॅच सेक्शनमध्ये काढली, माणसं जोडणं हा माझा पिंडच. ऑफिसातलं कोणी फोन करत नाही ते सोडा. बिझी असतील.

टीम स्थापन केली. नाव, पूर्व उपनगर ऋणदाता संघ. आधी सावकार संघ लिहिलं होतं, भारदस्त वाटत होतं, पण लोक पळाले असते. सदस्य सध्या दोन, मी आणि मानसी. ती परवा माहेरी आली होती, स्वयंपाकघरात असताना तिच्या फोनवरून मीच तिला घेतलं.

संकल्प: रोज सकाळी टीमच्या फलकावर शुभेच्छा टाकणे. फेब्रुवारीत भव्य मेळावा. समोरासमोर भेटल्याशिवाय नातं होत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
तिसरा सदस्य मिळाला. शर्मिष्ठा, घाटकोपर. पहिल्या दिवशी तिला गुलाब पाठवला, दुसऱ्या दिवशी उगवता सूर्य, आज तिळगूळ. दुपारी तिचं उत्तर आलं. विचारत होती, या टीममधून बाहेर कसं पडायचं.

नवख्या माणसाला तांत्रिक अडचणी येतातच. तासभर शोधलं, मलाही ते बटण सापडलं नाही. तसं कळवलं आणि सोबत कमळ पाठवलं. संवाद सुरू झाला हे महत्त्वाचं.

२० जानेवारी
आज भागीदार संस्थेला फोन केला. गोवंडीच्या राधाला प्रत्यक्ष कर्ज देणारी संस्था हीच. बाईंनी फार आपुलकीने बोलून नाव, पत्ता, आधार नंबर घेतला. मी कोण, काय, हे काही विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही. पाचशे रुपये दिले म्हणून गावभर सांगत सुटणाऱ्यातला मी नाही. राधाचं नाव तेवढं घेतलं, तर बाई म्हणाल्या, अच्छा, राधाताईंच्या ओळखीने का. ऑफिसरला घरी पाठवतो म्हणाल्या. एका फोनवर घरी. याला म्हणतात पत.

२४ जानेवारी, शुक्रवार
ऑफिसर येऊन गेली. शीतल नाव, स्कूटीवरून आली, उन्हाने दमलेली. रत्नप्रभा मंडईत गेली होती, चहा मीच टाकला. साखर विसरलो. प्यायली बिचारी.

फार बारकाईने मुलाखत घेतली. घर स्वतःचं का, खोल्या किती, कमावतं कोण. मोठ्या माणसाने अशा वेळी बढाई मारू नये, म्हणून म्हटलं, कसलं घर, डोकं टेकायला जागा आहे. उत्पन्न विचारलं तर म्हटलं, जेमतेम भागतं बघा. तिने मान हलवून लिहून घेतलं. पुढचा विचार काय, तर म्हटलं विस्तार करायचाय. कशाचा, तर म्हटलं लोकसंपर्काचा. तिने जरा थांबून ‘इतर’ असं लिहिलं.

त्यांच्याकडे सगळं घरातल्या बाईच्या नावाने असतं आणि गटाला अजून चार बायका लागतात, असं ती म्हणाली. स्त्रियांचा इतका मान ठेवणारी संस्था आहे, ऊर भरून आला. रत्नप्रभाच्या आधारचा फोटो दिला. चार नावंही दिली: खालच्या मजल्यावरची नीलम आणि तिच्या भिशीतल्या तिघी. रत्नप्रभाही त्याच भिशीत आहे. दर महिन्याला बायका पैसे जमवतात आणि आळीपाळीने एकीला देतात. जुन्या वळणाचा प्रकार, पण आमच्या संघाला सदस्य म्हणून चालतील.

जाताना शीतलने मला दारात उभं करून फोटो काढला. साइटवर येणार बहुतेक. शर्ट बदलायला हवा होता.

२८ जानेवारी
वॉचमन सांगत होता, ती स्कूटीवाली बिल्डिंगमध्ये चार घरी जाऊन तुमची चौकशी करत होती. माणूस कसा आहे, व्यसन आहे का, शब्दाला पक्का आहे का. मोठ्या संस्था भागीदार निवडताना असंच करतात.

परिणाम लगेच दिसला. नीलमने तळलेले बोंबील पाठवले, काही कारण नसताना. समोरच्या भीमराजने टपरीवर माझ्या चहाचे पैसे दिले. भीमराज म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी, टेलिफोन खात्यातून रिटायर झालाय. त्याचे वडील वाशिमहून आले, माझे मालवणहून मिलमध्ये, आणि आम्ही दोघे वीस वर्षं पार्किंगवरून भांडतोय. आज तो खांद्यावर हात ठेवून म्हणाला, मेंटेनन्सची घाई करू नकोस रे, होईल तेव्हा दे. मेंटेनन्स मी भरलेलाच आहे. पण आदर व्यक्त करायची प्रत्येकाची पद्धत असते.

३ फेब्रुवारी
गुडघा. रात्रभर झोप नाही. तरी सकाळी फलकावर मोगरा टाकला. कोणीही काही बोललं नाही. कधी कधी वाटतं, फुलं कुठे जातात.

रत्नप्रभाने दोन रविवार सुरमई आणली नाही. काल बांगडा होता, आज मोड आलेले मूग. इच्छा नाही म्हणाली. सुरमईची इच्छा नसलेली मालवणी बाई मी प्रथमच पाहिली. हातातल्या पाटल्याही काढून ठेवल्यात, हात दुखतो म्हणे. आणि जेवताना माझ्याकडे नुसती बघत बसते.

माझ्या आर्थिक शिस्तीचा घरावर परिणाम होतोय. तिला सगळं एकदम मेळाव्यातच सांगणार.

१० फेब्रुवारी
मेळाव्याची तारीख ठरली. रविवार, २३, संध्याकाळी पाच, सोसायटीचा हॉल. टीमच्या फलकावर निमंत्रण टाकलं, भागीदार संस्थेलाही कळवलं, ऑफिसातल्या जुन्या सगळ्यांना मेसेज केला. तिघांनी अंगठा दाखवला. अंगठा म्हणजे येतो.

हॉलसाठी भीमराजकडे गेलो. भाडं घेणार नाही म्हणाला. कसला कार्यक्रम, तर म्हटलं ऋणदाता मेळावा. त्याने मला बसायला खुर्ची दिली. मग म्हणाला, एकट्याने सगळ्यांना तोंड देऊ नकोस, मी बसतो बाजूला. भाषणाची भीती त्याला वाटत असेल, मला नाही.

१७ फेब्रुवारी
मानसीचा फोन. बाबा, सगळं ठीक आहे ना, पैशाचं काही आहे का, असं तीनदा विचारलं. म्हटलं, बाई, तुझ्या बापाचं आता कुठे सुरू झालंय. ती रडवेली झाली. लेकीला बापाचा अभिमान वाटला की असंच होतं.

शर्मिष्ठाने विचारलंय, मेळाव्याला आलं तर बाहेर पडता येईल का. हॉलला दोन दारं आहेत असं कळवलं.

२२ फेब्रुवारी
तयारी पूर्ण. पंचवीस खुर्च्या भाड्याने, पन्नास वडे, बॅनर. बॅनरवर माझा फोटो नको म्हणत होतो, पण बॅनरवाल्याने जागा ठेवली होती. भाषण तयार आहे. विषय, विश्वास.

२३ फेब्रुवारी, रविवार
पाच वाजता कोणी नव्हतं. म्हटलं मुंबई आहे, सव्वापाच म्हणजेच पाच.

साडेपाचलाही कोणी नव्हतं. फोन काढून बघितला. अंगठेवाल्यांपैकी एकाचा मेसेज होता, पुढच्या वेळी नक्की. शर्मिष्ठाचाही होता: ‘बटण सापडलं. धन्यवाद.’

रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून राहिलो. खरं सांगायचं तर फार एकटं वाटलं. पाचशे रुपये, फुलं, बॅनर, हे सगळं कोणीतरी येऊन समोरच्या खुर्चीत बसावं म्हणून होतं. ते आज कळलं असं नाही. पण आज ते नाकारण्याइतका दम राहिला नाही.

पावणेसहाला दार उघडलं. रत्नप्रभा, नीलम, भिशीतल्या तिघी आणि मागे भीमराज. कोणी बॅनरकडे बघेना. नीलमने माझ्यासमोर पाकीट ठेवलं. या महिन्याची भिशी तिची होती. रत्नप्रभाने त्यावर रुमाल ठेवला, गाठ मारलेला. आत तिच्या पाटल्या होत्या.

ती हळू आवाजात म्हणाली, “किती देणं आहे तेवढं सांगा. मी ओरडणार नाही.”

मला काही कळेना. मग भीमराजने सांगितलं. ती ऑफिसर घरोघर विचारत होती, जयवंतरावांनी कर्ज मागितलंय, तुम्ही जामीन राहाल का. चौघी बायका दारात उभ्या उभ्या हो म्हणाल्या. मग मी मेळावा ठरवला, तेव्हा यांना वाटलं, ज्यांचं देणं आहे त्या सगळ्यांना एकत्र बोलावून मी हात जोडणार. बायको महिनाभर झोपली नव्हती. मला वाटत होतं, माझ्या गुडघ्यामुळे तिची झोप मोडते.

मी म्हटलं, मी कर्ज घेतलं नाही, दिलंय.

भीमराजने विचारलं, “किती दिलंस?”

“पाचशे.”

मग नीलम तोंडाला पदर लावून हसली आणि सगळ्याच हसायला लागल्या. रत्नप्रभा हसली नाही. ती खुर्चीत बसली, रुमाल सोडला, पाटल्या हातात चढवल्या आणि म्हणाली, “महिनाभर मूग खाल्ले मी.” मग रडली. मलाही आवरलं नाही. भीमराजने वड्यांची परात उघडली, नाहीतर तोही रडला असता.

भाषण झालं नाही.

२४ फेब्रुवारी
शीतलला फोन केला. ती खूश होती, कर्ज मंजूर झालंय म्हणाली. इतका भक्कम गट तिला क्वचितच मिळतो. मी रद्द करा म्हटलं. अर्ज करताना विचार करत चला काका, एवढंच बोलली.

खुर्च्यांचे आणि वड्यांचे पैसे भीमराजने भरले. मी देतो म्हटलं, तर म्हणाला, होईल तेव्हा दे. या वेळी खरंच द्यायचे आहेत.

साइटवर राधाचा पहिला हप्ता जमा झालाय. टीमची सदस्यसंख्या एक. मानसीलाही बटण सापडलं.

२ मार्च, रविवार
आठवडाभर विचार केला. सकाळी रत्नप्रभाला म्हटलं, मला तुमच्या भिशीत घ्या. पुरुषांना घेत नाही म्हणाली. मग म्हणाली, विचारून बघते.

दुपारी निर्णय आला. घेतात. पण नवीन माणसाला दोन जामीन लागतात. एक रत्नप्रभा झाली. दुसरा भीमराज झाला, म्हणजे त्याने अर्धा तास घेतला आणि पार्किंगची जागा आधी ठरवून घेतली. माझा नंबर सगळ्यांत शेवटी लागेल. ग्रुपवर सकाळी फुलं पाठवायची नाहीत, ही अट नीलमची.

मान्य केलं.

जेवायला सुरमई होती. मला शेपटीकडचा तुकडा मिळाला.