काटा तीनशे साठवर

४ नोव्हें. ९७, मंगळ., इंदापूर
कॉलेजला दिवाळीची सुट्टी. बारामतीचे डॉ. गाडीत शॉकचं यंत्र घालून थेट फिजिक्स लॅबवर आले. हृदयाची लय बिघडली की छातीवर झटका देतात ते. त्यांच्या दवाखान्यात एकच आहे. "मॅडम, काटा पूर्ण जातो, पण पेशंट हवा तसा उसळत नाही. पुण्याचा दुरुस्तीचा माणूस दोन महिने नुसता येतो म्हणतोय. बघाल?" आमच्या ह्यांचे थोरले भाऊ, दादा, मे महिन्यात डॉ.च्याच दवाखान्यात वारले. तेव्हापासूनची ओळख. नाही म्हणता आलं नाही.

५ नोव्हें., बुध.
उघडलं. आत वीज साठवणारा, चहाच्या डब्याएवढा कपॅसिटर. रेझिस्टर बांधलेली काठी लावून आधी रिकामा केला, दोनदा. वर क्षमता छापलीय, ३२ मायक्रोफॅरड. सुटा करून शंभर व्होल्ट भरले, मोठ्या रेझिस्टरमधून सोडले आणि घड्याळ धरून बसले. सदतीस व्होल्टवर यायला एकोणतीस सेकंद हवेत. सोळा लागले. पुन्हा सोळा. मीटर बदलला. सोळाच.
म्हणजे क्षमता जवळजवळ निम्मी गेलेली. आणि काटा फक्त व्होल्ट बघतो. त्याखालचे ज्यूलचे, म्हणजे झटक्याच्या ऊर्जेचे, आकडे कपॅसिटर धडधाकट आहे असं धरून छापलेत. काटा ३६० दाखवतो, छातीत जातात दोनशेच्या आत.


६ नोव्हें., गुरु.
दादांना तीन शॉक दिले होते. ह्याच यंत्राने. बाहेर बाकावर मी आणि अक्का, म्हणजे माझी जाऊ, दादांची बायको. डॉ. बाहेर येऊन म्हणाले होते, "तिन्ही फुल दिले."
फुल.
सहा महिने अक्का येईल त्याला तेच सांगते. "छातीत दुखतंय म्हणले, मी ववा दिला आन निजवलं. दोन तास घालवलं मी."
संध्याकाळी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "अक्काला कळता कामा नये. आत्ता कुठं नीट जेवायला लागलीय."

८ नोव्हें., शनि.
कपॅसिटर परत जोडला, यंत्र घेऊन बारामतीला. डॉ.नी गाडी पाठवली होती. वाटेत सणसर आलं, आपलं घर, अक्का राहते ते, रस्त्यावरून दिसतं. मी मान वळवली नाही.
डॉ.ना मापं दाखवली. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला.
"मे महिन्यात हा एवढाच होता का?"
"ते आता सांगता येणार नाही."
"दोनशेतही माणसं परत येतात मॅडम. आणि तीनशे साठ देऊनही जातात."
मी म्हटलं, हे बंद ठेवा. तर म्हणाले, "आज रात्री कुणी आला तर? बंद ठेवलं तर काहीच नाही. हे निदान अर्धं आहे." आणि प्लग लावून टाकला.  मला राग येईना. काय यायला हवं होतं तेच कळेना.

९ नोव्हें., रवि.
काही नाही. पेपर तपासायला घेतले, एकही झाला नाही. ह्यांनी विचारलं, "अक्काला नाही सांगायचं, ठरलं ना?" मी मान हलवली. कशाला, ते माझं मलाच ठाऊक नाही.

१० नोव्हें., सोम., सणसर
सांगितलं. ह्यांना न विचारता. अक्का शेंगा फोडत होती. ऐकताना हात थांबला नाही तिचा. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "मंग मी येळंत नेलं असतं तर?"
"सांगता येत नाही अक्का. खरंच."
"आन मशीन चांगलं असतं तर?"
"तेही नाही."
ती परत शेंगांकडे वळली. मला वाटलं, आता रडेल, मला हाकलेल, काहीतरी करेल. तिनं आणखी मूठभर शेंगा फोडल्या आणि एकदम,
"ते अजून तितंच हाय?"
"हाय."
"चालू?"
"व्हय."
"आन ह्ये ठावं असून तू हितं बसलीयास."
उठली, हात धुतले, सुनेला म्हणाली उद्या धार तू काढ, मला त्या मशीनपायी बारामतीला जायचंय. मुक्काम केला मी. ह्यांना निरोप धाडलाय, नुसता अक्काकडे आहे एवढाच. सकाळी सातच्या एसटीने निघायचं. तिथं जाऊन ती डॉ.ना काय म्हणणार, मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.