कारल्याच्या रसाचा खुलासा

देवळाली प्रवरा

तीर्थस्वरूप गोजरअक्कास,
धाकट्या मच्छिंद्रचा शिरसाष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? शेळी व्याली का? इकडे सगळे खुशाल (म्हणजे आता खुशाल).

अक्का, आमच्या ओंकारच्या लग्नात घालायच्या सफारीत माझा एकशे चार किलोचा देह मावेना, म्हणून नगरच्या डॉक्टरांकडून वजन उतरवायचं इंजेक्शन सुरू केलं. आठवड्याला एक. घरात बोललो नाही. मालन मात्र माझ्या शुगरसाठी रोज पेलाभर कारल्याचा रस काढायची. तो मी शेवग्याच्या बुडाशी ओतायचो.

चार महिन्यांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी केली. नऊवरून थेट सहा! लॅबमधली पूजा म्हणाली, "काका, नवीन औषध काही चालू आहे का?" शेजारी मालन उभी. मी म्हणालो, "कारल्याचा रस."

"माझ्या रसाचा गुन हाय," असं मालननं संध्याकाळपर्यंत आळीभर केलं. मलाही लोक चहाला (बिनसाखरेच्या) बोलावून हकिगत विचारू लागले, आणि मीही ती तिखटमीठ लावून सांगू लागलो. शेजारच्या बन्सीभाऊंनी तर रस धरला आणि शुगरच्या गोळ्याच सोडल्या. पंधराव्या दिवशी पिठाच्या गिरणीत चक्कर येऊन पडले. साखर चारशे दहा!

दवाखान्यात त्यांना सलाईन लावलेलं पाहिलं. डॉक्टरांना बाजूला घेऊन सगळं ओकलो. ते भडकलेच. "गुरुजी, वजनाचं हे इंजेक्शन साखरही उतरवतं. रिपोर्ट खोटा नाही, पण करामत औषधाची आहे. तपासायला जाताना चालू औषधं सांगायची असतात, हे तुम्हाला कुणी शिकवायचं?" चौतीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलं, अक्का. बन्सीभाऊंपाशीही कबूल झालो. ते म्हणाले, "गुरुजी, लई कडू पाजलंत. आता त्या विंजेक्शनाचं नाव तरी सांगा." परवाच घरी आले, बरे आहेत. बाकीच्या रसवाल्यांना 'गोळ्या सोडू नका' असं दारोदार सांगून आलो (खरं कारण मात्र गिळलं).

तुझा,
मच्छिंद्र

ता. क. मालनला इंजेक्शनचं अजून ठाऊक नाही. तूच सांग. तुझ्यापुढं तिचा आवाज चढत नाही.

आणखी ता. क. मालननं तुलाही रसाच्या बाटल्या पाठवल्या आणि तू चार दिवसांपासून गोळ्या बंद केल्यास, हे आत्ता जेवताना कळलं. तीनदा फोन लावला, लागत नाही. म्हणून पत्र टपालात न टाकता मीच जामखेडची एसटी धरतोय. तोंडानं सांगायचा धीर नाही, तेव्हा हेच हातात देईन. तू इथवर वाचलंस म्हणजे मी समोर बसलेला असेन. ऊठ, आधी दवाखान्यात चल. शिव्या वाटेत दे.