साक्षीच्या नावाचं पाणी

१ डिसेंबर, रविवार

"आई, हे डोंगर एकमेकांचे हात धरून उभे राह्यलेत, आपण त्यांच्या हातांवरून चालत जाऊ." साक्षी सहा वर्षांची असताना एसटीच्या खिडकीतून असं म्हणाली होती. आज त्याच डोंगरांच्या पायथ्याशी, धावड्याला, मी राहायला आले. अंकुशनगरच्या शाळेत इतकी वर्षं काढली, तिथे नजर जाईल तिथे ऊसच. बदलीचा आदेश आला तेव्हा बाकीचे शिक्षक हळहळले, मी मात्र मनातून हसत होते.

घरमालकीण पुष्पाबाई. त्यांनी आधी आडनाव विचारलं, मग शाळा, मग भाडं. आडनाव ऐकल्यावर मला एकदा खालीवर न्याहाळलं, पण खोली दिली. खोलीला मागचं दार आहे आणि दार उघडलं की समोर सबंध डोंगराची धार. बुद्धाची तसबीर मी त्या दाराशेजारीच लावली.

साक्षीला फोन केला. ती औरंगाबादला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नाताळच्या सुट्टीत येते म्हणाली, आणि या धारेचे पाचही माथे एका दमात करायचे, मधे उतरायचं नाही. तिचे बाबा, राजानंद, गेल्यापासून आम्ही दोघींनी मिळून कशाचाच बेत केला नव्हता. हा पहिला.

४ डिसेंबर, बुधवार

शाळा सुटल्यावर नकाशा घेऊन बसले. धार दिसते तेवढी सोपी नाही. पहिला माथा टेंभ्या, मग दुबळी, जोगणी, खापऱ्या आणि शेवटी निशाण्या. प्रत्येक दोन माथ्यांच्या मधे खोल खिंड आहे, म्हणजे मिळवलेली उंची दर वेळी गमवायची आणि पुन्हा कमवायची. उजाडायच्या आत निघालो तर अंधार पडता पडता पलीकडे उतरू.

पुष्पाबाईंचे यजमान पुंजाराम यांनी अंगणात काडीने वाट काढून दाखवली. खापऱ्यानंतरची निवडुंगाची कड सोडायची नाही म्हणाले. पुष्पाबाई हसत होत्या. "शाळंत पोरं कमी पडली का मॅडम, आता दगडं हाकायला चालल्या?"

खरी अडचण पाण्याची. वर कुठे झरा नाही, टाकं नाही. दिवसभराचं पाणी पाठीवर घेतलं तर चढणारच नाही. म्हणून दर रविवारी थोडंथोडं वर नेऊन प्रत्येक माथ्यावर ठेवून यायचं ठरवलं.

८ डिसेंबर, रविवार

टेंभ्या आणि दुबळी झाले. पाय भरून आलेत, पण मन हलकं आहे.

प्रत्येक माथ्यावर दोन बाटल्या ठेवल्या. एकीवर मार्करने माझं नाव, 'बेबीनंदा', लिहिलं, दुसरीवर 'साक्षी'. शाळेची सवय. पहिलीच्या वर्गात बाटल्यांवर नावं घातली नाहीत तर रोज भांडणं.

दुबळीच्या माथ्यावर एका कपारीत स्टीलचे तांब्ये दिसले. घासून लख्ख केलेले, काठोकाठ भरलेले, वर ताटली. आपण भांड्यांवर घालून घेतो तशी प्रत्येकावर नावं कोरलेली. एकावर 'अंगद'. वाटसरूंसाठी कुणी इतक्या वर पाणी आणून ठेवतं, या विचाराने भरून आलं. माझ्या बाटल्या मी त्यांच्याच शेजारी सावलीत ठेवल्या.

९ डिसेंबर, सोमवार

पुष्पाबाई सकाळी ताटलीभर धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. काल सॅकमधल्या बाटल्यांवरची नावं त्यांनी वाचली होती. माझ्या उंबऱ्यावर बसून त्यांनी माझ्या कपातला चहा घेतला. मग माझा हात हातात धरून नुसत्या बसून राहिल्या. त्यांचे डोळे ओले होते. मी कारण विचारलं नाही. वाटलं, बाईचं मन बाईला कळतं, त्याला आडनाव लागत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

पुंजारामनी मोटरसायकलवर पलीकडच्या पायथ्याशी सोडलं. निशाण्या, खापऱ्या, जोगणी, तिन्हींवर पाणी ठेवून धारेनेच परत आले.

येताना दुबळीवर थांबले. साक्षीची बाटली रिकामी होती. जागेवर उभी, झाकण घट्ट, आत ओलसुद्धा नाही. शेजारची माझी भरलेली. टेंभ्यावरही तसंच. गुराखी प्यायले असतील, पण दोन्ही ठिकाणी तिचीच कशी? माझ्या बाटलीतलं पाणी तिच्या बाटलीत ओतलं आणि उतरले.

संध्याकाळी साक्षीचा फोन आला. आठवडाभर तहान तहान होतेय म्हणाली. मेसमधला जार ती एकटीच संपवते म्हणून मुली चिडवतात. हसत होती, पण आवाज कोरडा वाटला. कधीपासून, असं मी उगाच विचारलं. म्हणाली, गेल्या रविवारपासून.

१८ डिसेंबर, बुधवार

शाळेत असताना पायलचा फोन आला, साक्षीच्या रूममेटचा. साक्षी वर्गातून उठून नळाशी जाऊन उभी राहते. ओठ फुटलेत. साखर तपासली, मूत्रपिंड तपासलं, सगळं बरोबर. डॉक्टर म्हणतात, मनाचं असेल.

घरी येऊन पुष्पाबाईंना सांगितलं.  त्यांनी विचारलं, "साक्षी? तिचाच तर तांब्या ठिवला ना तुम्ही वर? पोरगी वारून किती वर्सं झाली, मी त्ये बी इचारलं न्हाई, म्हनलं जखम कशाला उकरा."

मी म्हणाले, माझी मुलगी जिवंत आहे.

मग त्यांनी सांगितलं.

धारेवर हरवलेल्या, देह न सापडलेल्या माणसाचं पाणी वर ठेवतात. त्याच्या नावाच्या भांड्यात. माणूस तहानेने वणवण करत असतं, त्याला त्याचं पाणी मिळालं की ते वरच राहतं. अंगद त्यांचा मुलगा. "जित्या मानसाच्या नावानं कुनी ठिवत न्हाई ओ मॅडम. धारंला काय कळतं? तिला दुसऱ्याच्या हातानं नाव दिलं का ती म्हनती, ह्ये मानूस माझं हाय."

मला कुणी सांगितलं नाही. कारण सांगायची गरज आहे असं कुणाला वाटलंच नाही. ज्या मायेने त्यांनी त्या दिवशी माझा हात धरला होता, ती माया माझ्या मेलेल्या लेकीसाठी होती.

१९ डिसेंबर, गुरुवार

रजा टाकली. माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही. माझ्या आईवडिलांनी हे सगळं ओझं मागे टाकलं, मी शाळेत मुलांनाही तेच शिकवते. हे मी वाटभर मोठ्याने म्हणत होते.

सगळ्या माथ्यांवरून तिच्या बाटल्या आणल्या. सगळ्या रिकाम्या. नावं पुसून टाकली.

उतरताना पायलचा फोन लागला. साक्षी सकाळीच बॅग घेऊन निघाली होती. पायलने अडवलं तर म्हणाली, आईने माझ्यासाठी पाणी ठेवलंय.

२० डिसेंबर

ती काल धावड्याच्या फाट्यावर उतरली. चहावाल्याने पाहिलं. पिवळी ओढणी होती. घराकडे वळलीच नाही, थेट डोंगराकडे गेली. मी तेव्हा टेंभ्याच्या दुसऱ्या बाजूने उतरत होते. दोघींच्या मधे फक्त एक माथा होता.

पोलीस आले. गावातली माणसं वर गेली. निशाण्यावर तिची बॅग सापडली. बॅगेत तिची होस्टेलची बाटली, तोंडापर्यंत भरलेली. एक घोटही कमी नाही.

पुढे पावलं नाहीत. खाली उतरल्याचीही नाहीत.

२२ डिसेंबर

मागच्या दारातून दिसते. दुपारच्या उन्हात, धारेवर, पिवळी ओढणी. टेंभ्यावरून दुबळीवर, दुबळीवरून जोगणीवर. मग परत. मधे उतरत नाही.

मी वर जाते तेव्हा ती पुढच्या माथ्यावर असते. हाक मारली की थांबते. वळत नाही. मी खिंड उतरून चढेपर्यंत पुन्हा पुढच्या माथ्यावर.

पुंजाराम म्हणतात, त्यांना कुणीच दिसत नाही.  पुष्पाबाई धारेकडे बघतच नाहीत.

२४ डिसेंबर

पुष्पाबाईंना विचारलं, पाणी ठेवलंच नाही तर?

त्यांनी सांगितलं. त्यांच्या माहेरच्या गिरिजाबाईने आपल्या लेकाचा तांब्या भरायचं सोडलं होतं. लेकरू आपलं हाय, घरी यू द्या म्हणाली. "मंग आलं की घरी. आधी रांजन आटला. मंग म्हैस आटली. मंग गिरिजाबाई. उचलली तव्हा वाळल्या शेंगंवानी हलकी लागली."

पण आलं. मी एवढंच ऐकलं. आलं घरी.

२५ डिसेंबर

आज आम्ही निघणार होतो.

रांजण भरून ठेवलाय. बादल्या, हंडा, कळशी, सगळं. दार उघडं. आली तर आधी हे पिईल. मग —

माझं काय. चव्वेचाळीस वर्षांचं अंग आहे. पुरेल तिला थोडे दिवस.

२७ डिसेंबर

येत नाही. वरच फिरते.

तहान असती तर आली असती. म्हणजे तिला वर पाणी मिळतंय. मी तर सगळ्या बाटल्या —

वर गेले. दुबळीची कपार. अंगदच्या तांब्याशेजारी नवा तांब्या. बुडाला भोकरदनच्या दुकानाचा शिक्का, अंगावर कोरलेलं नाव. साक्षी. काठोकाठ.

२८ डिसेंबर

ओतून आले. सकाळी पुन्हा भरलेला. ओतला. पुन्हा भरलेला.

मी वर जाते त्या वाटेवर पुष्पाबाईंच्या चपलांचे ठसे. माझ्या आधीचे. आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही. त्यांच्या गुडघ्यांना सूज आलीय. तरी जातात.

मला वाचवतायत.

२९ डिसेंबर

बोलता येणार नाही त्यांच्यासमोर. म्हणून इथेच लिहिते, हे पान फाडून त्यांच्या उंबऱ्यावर ठेवीन.

पुष्पाबाई, तुम्ही माझा हात धरला होता. मला माहीत आहे तुम्ही हे मायेनेच करताय. तुमचा अंगद तुम्ही वर ठेवला, एवढी वर्षं, एकही दिवस न चुकता. तुम्हाला जमलं. मला जमत नाही. ती रोज माझ्यासमोर चालते आणि वळत नाही.

उद्या वर जाऊ नका. एक दिवस. तिचा तांब्या कोरडा राहू द्या. तिला तहान लागू द्या, म्हणजे ती माझ्याकडे येईल. मी आटले तर आटले. तुम्ही नाहीच म्हणाल. आता हे लिहिते आहे तर तुमच्या अंगणात हापसा वाजतोय, तुम्ही कळशी भरताय. तरी विचारते, पुष्पाबाई, फक्त उद्याचा एक दिवस, माझ्या लेकीला घरी येऊ द्या.